पाणथळीची नोंद गाळापर्यंत न्या

प्रति,
सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य पाणथळ प्राधिकरण
सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर
प्रत माहितीसाठी : राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, चेन्नई

विषय : गोड्या पाण्याच्या पाणथळींतील नव्या जीवाणू प्रजातींचा शोध, त्यांची जिवंत साठवण आणि त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या

महोदय, महोदया,

नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी घातलेल्या बंधाऱ्यामागे पिढ्यान्‌पिढ्या गाळ साठत गेला, गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळे माजले आणि मग पक्षी आले. पक्ष्यांची यादी आहे, माशांची आहे, वनस्पतींची आहे. ज्या गाळावर हे सगळे उभे आहे त्यात कोण राहते, याची नोंद मात्र पाणथळीच्या कागदपत्रांत सहसा सापडत नाही. हे पत्र त्या नोंदीसाठी आहे.

आमचे म्हणणे असे. जीवाणूची नवी प्रजाती जाहीर करायची तर तो जीवाणू जिवंत स्थितीत दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत पोहोचावा लागतो. छायाचित्र, वर्णन, बाटलीत जतन केलेला मृत नमुना यांतले काहीही त्याच्या जागी चालत नाही. गाळापासून त्या संग्रहापर्यंतच्या वाटेत दोन-तीन वर्षे सहज जातात आणि ती वाट तीन ठिकाणी तुटते : नमुना घेताना, प्रयोगशाळेत संवर्धन (म्हणजे माध्यमात वाढवलेले जिवंत जीवाणू) शुद्ध करताना आणि ते बाहेर पाठवताना. मधला टप्पा आमचा आहे. पहिला आणि तिसरा आपल्या हातात आहेत.

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून आधीच एक खुलासा. या पत्रात प्रजाती म्हणजे स्पीशीज आणि वंश म्हणजे जीनस. काही पाठ्यपुस्तकांत प्रजाती हा शब्द जीनससाठी येतो.

उदाहरण म्हणून मिथेन खाणारे जीवाणू घेऊ. पाणथळीच्या तळाशी प्राणवायू नसतो. तिथे कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून मिथेन तयार होतो आणि वर चढू लागतो. गाळाच्या अगदी वरच्या काही मिलिमीटरांत, तसेच भाताच्या आणि पाणकणसाच्या मुळांभोवती, खालून येणाऱ्या मिथेनची आणि वरून किंवा मुळांतून झिरपणाऱ्या प्राणवायूची गाठ पडते. त्या अरुंद पट्टीत हे जीवाणू राहतात आणि मिथेनचा मोठा वाटा हवेत जाण्याआधीच खाऊन टाकतात. पाणथळी हा मिथेनचा जगातला सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत आहे, त्यामुळे या पट्टीचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. डच शास्त्रज्ञ सोंगेन यांनी १९०६ मध्ये असा जीवाणू वेगळा केला. १९७० मध्ये विटनबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक संवर्धने मिळवली आणि त्यांनी वापरलेले क्षारांचे माध्यम आजही जगभर वापरले जाते. महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या गटावर काम झाले आहे. मिथायलोकुकुमिस ओरायझी हा फिकट गुलाबी, मोठ्या लांबट पेशींचा जीवाणू भातखाचरातून मिळाला. त्याच्या नावातच काकडी आहे. मिथायलोलोबस ॲक्वाटिकस पश्चिम किनाऱ्याजवळच्या गोड्या पाण्याच्या पाणथळीतून मिळाला. दोन्ही वेळा नुसती नवी प्रजाती नव्हे, नवा वंशच मांडावा लागला. मोजक्या ठिकाणच्या गाळातून एवढे निघते, तर न पाहिलेल्या ठिकाणी किती असेल!

लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातून सेसेंबिया लोणारेन्सिससारखी नावे जगाच्या यादीत गेली. तिथले पाणी विलक्षण आहे, म्हणून संशोधकांचे पाय तिकडे वळतात आणि ते योग्यच आहे. गावच्या तलावाकडे, साचलेल्या दलदलीकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही, आणि ती ठिकाणे लोणारपेक्षा फार लवकर बुजतात.

नमुना कसा घेतात ते तपशिलात सांगतो, कारण परवानगी देणाऱ्याला नेमके काय आणि किती उचलले जाणार हे कळलेच पाहिजे. ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाची, ५० सेंटिमीटर लांबीची पारदर्शक ॲक्रिलिक नळी सावकाश, न फिरवता, गाळात ३० सेंटिमीटर दाबायची. वरचे तोंड रबरी बुचाने बंद करायचे आणि नळी वर ओढताना खालचे तोंड पाण्यात असतानाच दुसरे बूच लावायचे. नळीत गाळावर ५ ते १० सेंटिमीटर पाणी उरले पाहिजे. ते सांडले की वरचा थर ढवळतो किंवा सुकतो, आणि ज्या पट्टीसाठी एवढा खटाटोप केला तीच मोडते. नळी उभीच न्यायची. जीपच्या मागच्या भागात आडवी झाली तर तो नमुना टाकून द्यावा. बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवायची, पण बर्फाला थेट टेकवायची नाही, कारण गाळ गोठला की त्यातले बरेच जीवाणू मरतात. डीएनएसाठी वेगळा गाळ, प्रत्येकी ५ ग्रॅम, निर्जंतुक नळ्यांत भरून उणे ८० अंशांत. संवर्धनासाठीचा गाळ २४ तासांत, फार तर ४८ तासांत बाटल्यांत पडला पाहिजे. नाशिकहून पुण्याला तो त्याच दिवशी पोहोचतो. गोंदिया-गडचिरोलीहून निघालेला गाळ दोन दिवस खातो, म्हणून नागपूर आणि गोंडवाना विद्यापीठांच्या परिसरातल्या महाविद्यालयांत पहिली पायरी तरी व्हायला हवी.

एका जागी अशा तीन नळ्या पुरतात. तिन्ही मिळून तळाचा सुमारे ६० चौरस सेंटिमीटर भाग उचलला जातो आणि पावणेदोन लिटरच्या आसपास गाळ निघतो. गाळात उतरलेल्या माणसाच्या एका पावलाचा ठसा याहून मोठा असतो. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो, आणि तो लागावाच. आमची विनंती एवढीच की गाळाच्या नळीची परवानगी आणि प्राणी पकडण्याची परवानगी एकाच मापाने तपासली जाऊ नये. ठरावीक व्यास, ठरावीक संख्या, घरट्यांच्या हंगामात बंदी, पाणपक्ष्यांच्या थव्यांपासून ठरावीक अंतर, अशा अटींचा एक छापील नमुना असला तर कोणालाच दर वेळी नव्याने विचार करावा लागणार नाही.

जागेवर नोंदायच्या गोष्टी नेहमीच्याच आहेत : अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, पाण्याची खोली, तापमान, सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू, आजूबाजूची वनस्पती. निफाड तालुक्यात आम्ही त्यात एक गोष्ट जोडू, ती म्हणजे गाळातले तांबे. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणातून मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, फवारला जातो आणि पावसाचे पाणी शेवटी बंधाऱ्याकडेच येते. मिथेन खाणाऱ्या जीवाणूंकडे मिथेन फोडणारे विकर (एन्झाइम) दोन प्रकारचे असते. एकाला तांबे लागते. दुसरे, जे थोड्याच जीवाणूंकडे असते, तांबे कमी पडले की कामाला लागते. मूळ जागी तांबे किती होते हे माहीत नसेल, तर प्रयोगशाळेतल्या माध्यमात ते अंदाजाने घालावे लागते, आणि अंदाज चुकला की नेमका हवा तो जीवाणू वाढत नाही.

आता बाटलीतले काम. ते आमचे असले तरी आपल्याला माहीत हवे, कारण त्याला लागणारा वेळ पुढे परवानगीच्या वेळेशी भिडतो. एक लिटर माध्यमात पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.२ ग्रॅम, सूक्ष्म मूलद्रव्ये आणि सामू ६.८ ठेवणारे फॉस्फेट. फॉस्फेट वेगळे ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, दोन्ही थंड झाल्यावर मिसळायचे. एकत्र तापवले तर पांढरा साका बसतो. गोड्या पाण्यातल्या जीवाणूंसाठी हे माध्यमही जड पडते, म्हणून ते पाचपट किंवा दहापट पातळ करून वापरलेले बरे. १२० मिलिलिटरच्या सिरम बाटलीत २० मिलिलिटर माध्यम घ्यायचे, ब्युटाइल रबराचे बूच लावून वर ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवायची. आत १०० मिलिलिटर हवा उरते. त्यातली २० मिलिलिटर सिरिंजने काढून तेवढाच मिथेन ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून आत सोडायचा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली सुरक्षेची. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की मिश्रण स्फोटक असते. बाटलीतले २० टक्क्यांचे मिश्रण त्या पट्ट्याच्या वर आहे, पण ते उघड्यावर सोडले की पातळ होताना त्याच पट्ट्यातून जाते; म्हणून भरणे आणि रिकामे करणे दोन्ही धूरपेटीत, आसपास ज्योत नको. दुसरी बिघाडाची जागा हिशेबाची आहे. एक भाग मिथेन पूर्ण जाळायला दोन भाग प्राणवायू लागतो. काही मिथेन पेशी बांधण्यात जातो, म्हणून प्रत्यक्षात दीड भाग धरा. २० मिलिलिटर मिथेनला मग ३० मिलिलिटर प्राणवायू हवा, आणि बाटलीत तो असतो जेमतेम १७. म्हणजे मिथेन शिल्लक राहतो आणि जीवाणू गुदमरतात. बाटली गढूळ व्हायची थांबली की विद्यार्थ्याला वाटते वाढ पूर्ण झाली. दर आठवड्याला निर्जंतुक हवा भरली तर तीच बाटली पुढे वाढते. वायू खाल्ला गेल्याने आत पोकळी होते आणि सुईच्या जुन्या छिद्रांतून बाहेरची हवा, तिच्यासोबत बुरशीही, आत ओढली जाते. पाच-सहा वेळा टोचलेले बूच बदलावे. साधे नैसर्गिक रबर वापरू नये. त्यातून झिरपणारी द्रव्ये काही जीवाणूंची वाढ थांबवतात.

गाळ थेट बाटलीत टाकला तर जिंकतात ते तणासारखे पटापट वाढणारे ओळखीचे वंश : मिथायलोमोनास, मिथायलोसिस्टिस, मिथायलोसायनस. नवे हाती लागायचे असेल तर गाळ दहा-दहा पटींनी विरळ करत कोट्यंशापर्यंत न्यायचा आणि प्रत्येक पायरीची बाटली लावायची. सर्वांत विरळ बाटलीत जो वाढतो, तो मूळ गाळात संख्येने मोठा असतो, भले तो सावकाश वाढणारा का असेना. २५ ते ३० अंश, अंधार, हलवायचे नाही, तीन-चार आठवडे धीर. काही जणांना सिरियम किंवा लँथॅनम अत्यल्प प्रमाणात लागते, कारण त्यांचे मिथेनॉल पचवणारे एक विकर त्या धातूंवर चालते. ते घातल्यावर अडून बसलेली बाटली हलल्याची उदाहरणे आहेत.

पुढे घट्ट माध्यम. माध्यम घट्ट करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या आगरात (समुद्रशेवाळाच्या अर्कात) इतके सेंद्रिय अंश असतात की त्यावर भलतेच वाढतात, म्हणून शुद्ध आगरोज. तेही फॉस्फेटसोबत एकत्र ऑटोक्लेव्ह करू नये, कारण एकत्र तापवल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो आणि नाजूक जीवाणूंच्या कॉलन्या, म्हणजे प्लेटवर दिसणारे ठिपके, उगवतच नाहीत. ‘आमच्या नमुन्यात काही वाढले नाही’ असे लिहिलेल्या अनेक वह्यांमागे हे एक साधे कारण असू शकते. प्लेटी मिथेन आणि हवा भरलेल्या बंद डेसिकेटरमध्ये तीन ते सहा आठवडे ठेवाव्या लागतात. पहिल्या आठवड्यात दिसणाऱ्या कॉलन्या बहुधा नको असलेल्या असतात. मिथेन खाणारे पेशीबाहेर थोडे मिथेनॉल गळू देतात आणि हायफोमायक्रोबियमसारखे सोबती त्यावर पोसतात. एका कॉलनीत दोघे असतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीही फसवतात. शुद्धता पाहण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे तेच संवर्धन मिथेन न देता पातळ पोषक माध्यमात सोडणे. दोन आठवड्यांत काहीही वाढले नाही, तर पुढे जायचे. गढूळले, तर पुन्हा विरळीकरणापासून सुरुवात. असे तीन-चार फेरे होतात आणि वर्ष सरते.

पाण्यातल्या, गाळाबाहेरच्या जीवाणूंची गत वेगळी आहे. तळ्याच्या पाण्यातले काही इतके बारीक असतात की ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून पार होतात. त्या गाळणीतून काढलेले पाणी आपण निर्जंतुक म्हणतो, ते तसे असतेच असे नाही. ऑस्ट्रियातल्या मोंडझे इथे मार्टिन हान यांनी याच गुणाचा उपयोग करून पॉलिन्युक्लिओबॅक्टर या वंशाच्या अनेक प्रजाती वेगळ्या केल्या. त्या प्रजातींनी वर्गीकरणालाही एक धडा दिला, तो पुढच्या परिच्छेदात येतो.

संवर्धन शुद्ध झाले की ते नवे आहे का हे ठरवायचे. पहिली चाळणी १६एस आरआरएनए या, जीवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, जनुकाची. सुमारे १५०० अक्षरांचा हा क्रम सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी ९८.७ टक्क्यांहून कमी जुळला, तर प्रजाती नवी असण्याची दाट शक्यता. जुन्या पुस्तकांतली ९७ टक्क्यांची रेघ आता मागे पडली आहे. मात्र ९८.७ च्या वर जुळले म्हणजे जुनीच प्रजाती, हे उलटे वाक्य खरे नाही. पॉलिन्युक्लिओबॅक्टरच्या कितीतरी वेगळ्या प्रजाती या जनुकात ९९ टक्क्यांहून जास्त सारख्या आहेत. फक्त या एका जनुकावर थांबले असते तर तळ्यातळ्यातला फरक दिसलाच नसता. म्हणून संपूर्ण जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए, वाचावा लागतो आणि जवळच्या प्रजातीशी दोन मापे काढली जातात : सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, ज्याची सीमा ९५ ते ९६ टक्के, आणि संगणकावर काढलेले डीएनए-डीएनए संकरण, ज्याची सीमा ७० टक्के. दोन्ही सीमेखाली आली तर प्रजाती नवी. जीनोम किमान ५० पट खोलीने वाचलेला हवा आणि त्यातून निघणारे १६एस स्वतंत्रपणे वाचलेल्या १६एसशी तंतोतंत जुळायला हवे. ते जुळत नसेल तर बाटलीत दोन जण आहेत किंवा नळ्यांवरची नावे बदलली आहेत, आणि दोन्ही गोष्टी घडतात.

आकड्यांवर काम संपत नाही. पेशीचा आकार, चलन, तापमान-सामू-मीठ यांच्या वाढीच्या मर्यादा, कोणते अन्न चालते, नायट्रोजन कोठून घेतो, मेदाम्ले, क्विनोन, ध्रुवीय मेद, हे सगळे वर्णनात येते. मेदाम्लांचे प्रमाण तापमान आणि वाढीच्या टप्प्याप्रमाणे बदलते, म्हणून शेजारच्या प्रजातींचे मूळ स्ट्रेन (संग्रहात ठेवलेली शुद्ध संवर्धने) मागवून त्याच माध्यमात, त्याच दिवशी, सोबत वाढवून तुलना करावी लागते. दुसऱ्याच्या लेखातला तक्ता उचलून शेजारी मांडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक, आणि परीक्षक ती लगेच पकडतात.

नाव लॅटिन वळणाचे असते आणि विशेषणाचे लिंग वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलते. नांदूरवरून नाव द्यायचे झाले तर मिथायलोबॅक्टरला नांदुरेन्सिस जोडावे लागेल आणि मिथायलोमॅग्नमला, तो नपुंसकलिंगी असल्याने, नांदुरेन्से. गावाचे नाव असे जगाच्या यादीत कायमचे जाते. जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना हे समजावून सांगितले तर गाळाच्या नळीकडे संशयाने पाहणे थांबेल, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता तिसरा टप्पा. जीवाणूंच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता २००१ पासून सांगते की टाइप स्ट्रेन, म्हणजे प्रजातीचे नाव ज्याला बांधले जाते ते प्रमाण संवर्धन, किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या, सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहांत जिवंत ठेवलेला हवा आणि मागेल त्याला त्याचे उपसंवर्धन मिळायला हवे. जर्मनीत ब्राउनश्वाइगचे डीएसएमझेड, जपानचे जेसीएम, बेल्जियममधला एलएमजी हे नेहमीचे पत्ते. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंडीगडचा एमटीसीसी. दुसरीकडे आपला जैविक विविधता अधिनियम २००२, कलम ३९, सांगतो की नवी प्रजाती सापडली की तिचा नमुना नेमलेल्या भांडारात जमा करा. ही तरतूद चांगली आहे आणि आम्ही ती पाळतोच. अडचण पुढे येते. जीवसंपदा देशाबाहेर जाताना राष्ट्रीय प्राधिकरणाची मान्यता लागते. संहितेचा आग्रह विनाअट उपलब्धतेचा. मान्यता येईपर्यंत नाव वैध होऊ शकत नाही. मग प्रजाती ‘कँडिडेटस’ या तात्पुरत्या पदवीवर राहते किंवा नुसतीच अवतरणचिन्हांत, अवैध नाव म्हणून, अडकते.

कायद्याचा हेतू आम्हाला मान्य आहे. आपल्या मातीतले जीवाणू बाहेर नेऊन त्यांवर पेटंट घेतले जाऊ नये, हे कोणाला पटणार नाही? पण टाइप स्ट्रेन जमा करणे हा व्यापार नव्हे. तो जमा करताना मूळ देश, गाव, तारीख कायमची नोंदली जाते, म्हणजे मालकीचा पुरावा उलट पक्का होतो. आणि मिथेन खाणाऱ्या जीवाणूंना थांबता येत नाही. बाटलीतले संवर्धन दर चार ते सहा आठवड्यांनी नव्या बाटलीत न्यावे लागते. आठ महिने कागद फिरत राहिला तर अशा सात-आठ बदल्या, आणि प्रत्येक बदलीत सोबती शिरण्याची किंवा स्ट्रेन मरण्याची संधी. यांतले बरेच जण गोठवून सुकवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने परत उठत नाहीत. भर वाढीतल्या पेशी दाट करून, गोठताना पेशी वाचवणारे डीएमएसओ ५ टक्के घालून उणे ८० अंशांत किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, आणि परत उठवताना प्लेटवर न पसरता मिथेन भरलेल्या द्रव माध्यमात सोडाव्या लागतात. संग्रहाकडे पाठवताना ही सूचना सोबत लिहून दिली नाही तर तिथला तंत्रज्ञ नेहमीच्या रीतीने प्लेटवर लावतो, काही उगवत नाही, आणि ‘निर्जीव’ असा शेरा येतो.

२०२२ पासून सीककोड नावाची दुसरी संहिता आली आहे. तिच्यात जीनोमचा क्रमच प्रमाण नमुना मानला जातो. जे वाढतच नाहीत त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे आणि गाळातल्या सगळ्या डीएनएचा एकत्रित अभ्यास आधी करून मग नेमक्या जीवाणूच्या मागे लागणे हा शहाणा क्रम आहे. तरी जिवंत स्ट्रेनची जागा ती घेत नाही. कितव्या अंशाला तो मिथेन खाणे थांबवतो, हे क्रम सांगत नाही. भातशेतीतला मिथेन कमी करण्यासाठी उद्या कोणाला तो वापरून पाहायचा असेल तर क्रम खाचरात सोडता येत नाही.

शेवटी जागांबद्दल. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातशेती आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. प्रशासनाच्या दृष्टीने त्याला कारणे असतील. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतले मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, सिंचनासाठीच खोदले गेले आणि आज तिथला गाळ शेकडो वर्षे भात, कमळ आणि लव्हाळ्यांखाली पिकलेला आहे. कोकणातली खाचरेही तशीच. गाळातल्या जीवाणूला व्याख्या कळत नाही. त्यातच ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उन्हाळ्यात यंत्रे लावून गाळ उपसला जातो. शेतकऱ्याला तो गाळ हवा आहे, उपसा थांबवा असे आम्ही म्हणत नाही. यंत्र उतरण्याआधी एक दिवस, त्या तलावातून तीन नळ्या काढू द्या. आणि तलावाचा एक कोपरा, वनस्पतीसकट, न उपसता सोडा. तिथूनच बाकीच्या तळात पुन्हा वस्ती होते.

यासाठी नवा विभाग किंवा मोठा निधी लागत नाही. पाणथळीच्या संक्षिप्त दस्तऐवजात, जिथे तिचे परिस्थितिकी स्वरूप लिहिले जाते, तिथे गाळाच्या दोन कायम नमुना जागा अक्षांश-रेखांशासह नोंदवा. लोकजैवविविधता नोंदवहीत सूक्ष्मजीवांसाठी एक पान जोडा : जागा, तारीख, कोणी नमुना घेतला, संवर्धन कोणत्या संग्रहात, कोणत्या क्रमांकाने. आणि राष्ट्रीय प्राधिकरणाकडे राज्याच्या वतीने शिफारस करा की केवळ वर्गीकरणासाठी, नेमलेल्या भांडारात आधी जमा झालेल्या टाइप स्ट्रेनला परदेशी संग्रहाकडे पाठवण्याची मान्यता ठरावीक मुदतीत मिळावी आणि ती मुदत संवर्धनाच्या दोन बदल्यांपेक्षा, म्हणजे साधारण दहा आठवड्यांपेक्षा, लांब नसावी.

सुरुवात नांदूर मधमेश्वरपासून करता येईल. पूर ओसरल्यावर नोव्हेंबरात, पाणी उतरू लागल्यावर फेब्रुवारीत आणि गाळाला भेगा पडताना मे महिन्यात, वर्षातून तीनदा, त्याच दोन जागी. भेगाळलेला मे महिन्याचा गाळ आम्हाला विशेष हवा आहे. कोरडेपणा सोसून पुन्हा उठणारे जीवाणू त्यातच सापडण्याची शक्यता अधिक. नमुना नोंदीच्या पानाचा आणि परवानगीच्या अटींचा मसुदा आम्ही तयार करून देऊ, आणि वनरक्षकांना नळी कशी दाबायची, बूच कधी लावायचे, हे काठावर उभे राहून एका सकाळीत शिकवू.

आपले,
गोड्या पाण्यातल्या जीवाणूंवर काम करणारे सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक